डाव्या कानामागची चाई

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गणपतीनंतर या वहीत एक ओळ नाही. क्षमा मागावी तर कुणाची, वही माझीच. तरी मागते. कारण नवी नोकरी. बावीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काढली, ती जागाच बंद झाली. ऑक्टोबरपासून रोज सावंतवाडीहून कुडाळ. त्वचेच्या दवाखान्यात शीत प्लाझ्माचं यंत्र चालवते. केस उगवण्यासाठी. डॉ. कोल्हापूरहून मंगळवार-शुक्रवार येतात. बाकी दिवस मी आणि यंत्र.

काचेचं टोक, जांभळट उजेड, बारीक तडतड. वास झेरॉक्सच्या दुकानासारखा. वायूचे कण विजेने फुटतात पण त्वचेला चटका बसत नाही. त्याने केसांची मुळं जागी होतात असं डॉ. म्हणतात. थोड्या लोकांवर प्रयोग झालेत, मी वाचले. 'आशादायक' हा शब्द सगळ्यांत होता.

आज मंदाताईंचं सहावं सिटिंग. शिरोड्याच्या. सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, करून विकतात. डोक्यात तीन जागी चाई पडली, रुपयाएवढे गुळगुळीत गोल. आठ महिने झाले. तेव्हापासून डोक्यात फूल नाही. गिऱ्हाइकं टोचून बोलतात म्हणाल्या. "इचारतत, तुज्या फुलांक वास नाय काय गो? तू स्वता कित्याक घालणंस नाय?"

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मंदाताई, सातवं. टाळूवर आणि उजव्या कानशिलावर केस आलेत. आधी नुसती पांढरी लव होती, आता काळी. आरशात पाहिलं, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग म्हणाल्या, "म्याडम, ह्यो तुमचो हात." मी म्हटलं, यंत्राचा. त्यांना त्यात फरक दिसला नाही.

शेवटी फोटोसाठी मान वळवायला सांगितली. डाव्या कानामागचे केस बाजूला केले. तिथेही तेवढेच आलेत.

तिथे यंत्र लावल्याचं मला आठवत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पहिल्या एसटीने गेले. यंत्रात प्रत्येक सिटिंगची मिनिटं राहतात. एका जागेला पाच मिनिटं, म्हणजे मंदाताईंची पंधरा हवीत. सातही वेळा दहा.

त्यांच्या कार्डावर, डोक्याच्या आकृतीत, मात्र सात वेळा तीन-तीन खुणा. अक्षर माझं.

कसं झालं ते लिहून ठेवते. हातमोजे घातल्यावर पेन नीट धरता येत नाही, म्हणून कार्डावर खुणा आधीच करते. पहिल्या दिवशी दोन जागा झाल्या आणि लाईट गेली. तिसरी पुढच्या वेळी घेऊ म्हटलं. पुढच्या वेळी कार्ड पाहिलं तर तिन्ही खुणा होत्याच. खोली अरुंद, खुर्चीची डावी बाजू भिंतीला लागून, ती जागा अंबाड्याखाली. मग मागच्यासारखंच, मग परत मागच्यासारखंच...

प्रयोगाआधी रीडिंग लिहून आणणाऱ्या मुलांची जर्नलं मी परत केली आहेत. सही न करता.

डॉ. आल्याबरोबर सांगितलं. रागावले नाहीत. चाईचे केस कधीकधी आपोआप येतात, हे त्यांनीच सांगितलं. पण परिणाम शेजारीही पसरू शकतो म्हणाले. "तुम्ही फिजिक्सवाल्या. शरीर म्हणजे तारांचं सर्किट नव्हे." हे खरंही असेल. मग म्हणाले, पेशंटला गोंधळात टाकू नका, फोटो छान आलेत, दवाखान्याच्या जाहिरातीच्या फलकावर घेऊ. मंदाताईंची त्याला आनंदाने संमती आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

एका डोक्यावरून काही सिद्ध होत नाही. यंत्र निरुपयोगी आहे हेसुद्धा नाही. पण फलकावर जाणारे फोटोही एकाच डोक्याचे.

प्रश्न लहान करून पाहिला. मंदाताईंचे केस आले, त्या खूश आहेत. मी गप्प बसले तर नुकसान कुणाचं? उत्तर सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे नाही, असं नाही.

जेवताना विनायकला सगळं सांगितलं. नवऱ्याचं उत्तर तयार असतं. "डॉक्टरला सांगितलंस ना, तुझं काम झालं. आता ती वीज एकदा माझ्या टकलावर लाव. तिथे उगवलं तर मी स्वतः फलक घेऊन चौकात उभा राहतो." मी हसले.

माझा भांग वर्षभरात रुंद झालाय. यंत्र रोज हातात असतं. स्वतःला लावून घेतलेलं नाही. का, हे आजच स्वतःला विचारलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मंदाताई आज सिटिंगला नाही, नुसत्या भेटायला, सुरंगी माळून आल्या. माझ्यासाठीही एक वळेसर, केळीच्या पानात. खोलीभर वास, यंत्राचा वास त्यात बुडून गेला.

सगळ्या बाजारात सांगत सुटल्यात. शिमगा झाला की भाचीला आणणार. पूर्वा, सतरा वर्षांची, बारावी सायन्स. तिचे केस सगळीकडूनच विरळ होतायत. सरकारी दवाखान्यात रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या दिल्या, महिन्याने पुन्हा तपासायला बोलावलं.

"त्यो गोळ्यो बंद केलंव. पोटात ढवळता तिच्या. आता तुमी आसात मा."

२१ तारखेच्या प्रश्नाचं उत्तर : पूर्वा.

गोळ्या बंद करू नका, ढवळत असेल तर जेवणानंतर घेता येतील का ते तिथे विचारा, असं दोनदा सांगितलं. हो हो म्हणाल्या. फूल ठीक बसलंय का ते आरशात पाहत होत्या. कानामागच्या जागेचं सांगायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं. डॉ. नी मना केलंय म्हणून नाही. त्यांच्या डोक्यातल्या त्या फुलामुळे. हे कारण चालेल का? नाही चालणार.

६ मार्च, शुक्रवार

फलक लागला. आत शिरताच समोर. मंदाताईंच्या डोक्याचे तीन फोटो, आधी आणि नंतर. तिसरा डाव्या कानामागचा. तोच सगळ्यांत स्पष्ट आलाय.

निदान तेवढा काढा, असं डॉ. ना म्हटलं. "अहो, तोच तर सगळ्यांत चांगला आहे." मग आवाज न चढवता, "तुम्हाला इथे काम करायचंय ना?"

हो म्हटलं. खरं आहे ते. या वयात, या भागात, माझ्या पदवीला दुसरं काम कुठे आहे?

तिसरा फोटो जागेवर.

१० मार्च, मंगळवार

मंदाताई आणि पूर्वा आल्या. डॉ. आत दुसऱ्या पेशंटबरोबर. दोघींना फलकाजवळ नेलं आणि सांगून टाकलं. घरी वाक्यं ठरवली होती, त्यातलं एकही वापरलं नाही.

"मंदाताई, ही तिसरी जागा. इथे मी यंत्र लावलंच नाही. माझी चूक. तरी केस आलेत."

त्यांनी कानामागे हात नेला. "एकदाव नाय?"

"एकदाही नाही."

विचार केला. मग चेहरा उजळला. "मगे ती वीज किती जोरदार आसतली बगा. हयसर लावलास, थंय पोचली." आणि वर, "तुमी खऱ्या आसात म्हणान सांगलास. दुसऱ्या कोणी सांगल्यान नसता."

म्हटलं, ते केस आपोआपही आले असतील.

"आपसूक येवचे होते तर आठ म्हयने खंय होते?"

प्रश्न चांगला आहे. माझी कबुली त्यांनी घेतली आणि यंत्राच्याच खात्यात जमा केली. मी सांगितलं खरं, पण सांगितल्यासारखं झालं नाही.

पूर्वा करंगळीएवढी वेणी पुढे घेऊन बसलेली. ती फलकाकडे पाहत म्हणाली, "मगे माज्या अर्ध्या डोक्याक लावा. अर्ध्याक नको. म्हंजे कळात."

आत्याने झापलं. "गप रव गो. अर्धी टकली घेवन कॉलेजात जातलंस?"

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. बावीस वर्षांत असा प्रश्न किती मुलांनी विचारला? एका हाताची बोटं पुरतील. तिला सांगणार होते की त्यानेही कळणार नाही, रक्तच कमी असेल तर दोन्ही अर्धी सारखीच... तेवढ्यात डॉ. नी बोलावलं. पाच मिनिटांत सगळं ठरलं. आठ सिटिंग, पूर्ण डोकं, पहिलं गुरुवारी. रक्ताच्या तपासणीचं मीच मध्ये बोलले. "ते होईल समांतर," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पूर्वाचं कार्ड केलं. आकृती काढली. खूण एकही नाही.

११ मार्च, बुधवार

दिवसभरात तीन पेशंट. खुणा हातमोजे काढल्यावर केल्या, यंत्रातली मिनिटं पाहून. वेळ जास्त लागतो. मंदाताईंच्या कार्डावर डाव्या कानामागच्या सातही खुणा खोडल्या, सही केली, आजची तारीख घातली. त्याने फलकावर काही फरक पडत नाही.

दुपारी डॉ. चा फोन. मंदाताईंनी काल जाता जाता त्यांचंही कौतुक केलं होतं : वीज न लावता केस आले, असं यंत्र. "काय सांगितलंत तुम्ही त्यांना?" जे सांगितलं ते सांगितलं. मग, "उद्या मी येतोय." गुरुवारी ते येत नाहीत.

मला काढतील? कदाचित. की फलक उतरवतील? तेही होऊ शकतं, माणूस वाईट नाही. पूर्वाचं पहिलं सिटिंग उद्या साडेदहाला. यंत्र मीच चालवणार की आणखी कुणी, माहीत नाही. मी चालवलं तर त्याचा अर्थ काय, आणि नाही म्हटलं तर तिला लावायचं राहणार आहे का, या दोन्हीवर सकाळपासून फिरतेय. पुढे सरकलेले नाही.

उद्या : पूर्वाला, आत्या जवळ नसताना, विचारायचं की गोळ्या परत सुरू केल्यास का.