पर्लमून बेच्या पाण्याची चौकशी

१ डिसेंबर, सकाळी ६
आजपासून समुद्रकाठच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी मीच तपासणार. नगरपालिका म्हणते, स्वच्छ आहे. मग पोहून आल्यावर माझ्या मैत्रिणीचं, रुकेयाचं पोट का बिघडलं? वरच्या वस्तीतला मैलापंप गळतोय, दुसरं काय! बाटल्या उकळल्या. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी गिरवून घेतलेल्या अक्षरात लेबलं लावली. प्रयोगशाळेचं काम आरोग्य निरीक्षक फोर्टेन बघेल. मला ‘आँटी’ म्हणतो. मी त्याची आँटी नाही.

४ डिसेंबर
गुडघाभर पाण्यात उभी राहून बाटली भरली. वहीत सगळं लिहिलं. वारा, भरती, सीगल पक्षी चाळीस. त्यांना शिळे ब्रेड दोन. गावात वेळ पाळणारे एवढेच.

९ डिसेंबर
जिवाणू मर्यादेच्या तिप्पट. मी म्हटलंच होतं. फोर्टेनला फोनवर ऐकवलं, कॉन्व्हेंटमध्ये असा हलगर्जीपणा केला असता तर हातावर पट्टी बसली असती. ‘हो आँटी’ म्हणाला.

१३ डिसेंबर
सर्दी. तीन दिवस घरीच. नमुने फोर्टेनने घेतले. पाणी स्वच्छ, म्हणे. उघड लबाडी.

१८ डिसेंबर
सीगल सत्तर, ब्रेड चार. जिवाणू पाचपट. वर्तमानपत्राला पत्र.

२० डिसेंबर
विजय. तलाव बंद, लाल पाटी लागली. रुकेयाने अभिनंदन केलं नाही. नववर्षाला तिची नातवंडं इथे पहिल्यांदा पोहणार होती. आमच्या लहानपणी, वर्णभेदाच्या काळात, याच भिंतीवर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी होती. रुकेया साठीत पोहायला शिकली.
म्हणाली, “आधी गोऱ्यांनी बंद केला, अर्सुला. आता तू.”
पोट अजून बरं नसेल.

२७ डिसेंबर
फोर्टेन घरी आला. पंप ठणठणीत आहे, म्हणे. माझी वही मागितली, अक्षराची स्तुती केली. मग सीगलच्या आकड्यांवरून जिवाणूंच्या आकड्यांवर बोट फिरवत गेला. एक वाढला की दुसरा वाढलेला. माझ्या सर्दीत त्याला ना सीगल दिसले, ना जिवाणू. प्रयोगशाळाही म्हणते, घाण पक्ष्यांची.
“आँटी, इतका व्यवस्थित पुरावा मला आजवर कुणी दिला नव्हता.”
चहा विचारला नाही.

१ जानेवारी
तलाव खुला. माझ्या पाठपुराव्यामुळेच. भिंतीवर नवी पाटी, पक्ष्यांना खायला घालू नये. चित्रातल्या बाईच्या हातात चौकड्यांची पिशवी आहे. हुबेहूब माझी. तक्रार करणार. रुकेयाची नातवंडं दिवसभर डुंबली, असं ऐकलं. मी गेले नाही. गर्दी सोसत नाही.

२ जानेवारी, सकाळी ६
सीगल आले. माझ्या छपरावर. सत्तर. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत जातं, तेच मी पिते. ब्रेड घरात आहे. घालणार नाही म्हणजे नाही.

६.२०
अर्धाच घातला.