नवव्या अंकाची पहिली प्रत

इंदूर,
मंगळवार, दिवाळीला तेरा दिवस

प्रिय हृषी,

हिरो माझ्या एकट्याच्या डोक्यातून आला, असं तू ज्या मुलाखतीत सांगितलंस तिच्यावरून मी तुला बोलले तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कुरियर. पाकिटावरचं अक्षर ओळखून ते तसंच बाजूला टाकू नकोस. आधी वाच, मग हवं तेवढं रागव.

परवा कपाटात आपली लोखंडी लेखणी सापडली, स्टेन्सिल कापायची. बाबांच्या मिलमधलं सायक्लोस्टाइल यंत्र, रविवारचे दोन तास, कोपरापर्यंत शाई आणि चाळीस प्रती! 'मुखवटा' हे सुपरहिरोंच्या चाहत्यांचं मासिक आहे असं आपण छातीठोकपणे छापायचो आणि काढायचो तीन महिन्यांतून एकदा, तेही साहेबांचं, म्हणजे तुझं, चित्र वेळेवर झालं तर. राजवाड्यामागच्या लायब्ररीतून भाड्याने कॉमिक्स आणायचे, रद्दीवाल्याकडून इंग्रजी अंक उचलायचे आणि त्यावरून तू इतिहास लिहायचास. पाचव्या अंकातला तुझा लेख मला अजून पाठ आहे. परदेशातल्या ज्या चित्रकारांनी हे हिरो घडवले ते कसे विसरले गेले आणि कंपन्यांची नावं तेवढी कशी उरली, हे लिहिताना तू खरोखर रडला होतास. शेवटचं वाक्य लाल शाईत हवं म्हणून हटून बसलास. 'ज्याने रेखाटला, त्याचं नाव पहिल्या पानावर.' त्या दिवशी मला तू फार आवडला होतास.

मागच्या महिन्यात, दुपारी चारच्या सुमाराला, एक माणूस घरी आला. पन्नाशीचा, शांत. गौतमपुऱ्याला लसूण लावतो, नाव देवेंद्र. चप्पल बाहेर नीट जोडून ठेवली आणि दाराकडे तोंड करून बसला. राजवाड्याजवळ तुझ्या सिनेमाचं होर्डिंग लागलंय, तुझा हिरो ज्वालाधर डाव्या हाताने आगीचा गोळा फेकतोय, ते पाहून तो आला होता. त्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट नाही. त्याने मला एवढंच सांगितलं, "दीदी, यो तो म्हारा भई को हाथ है." मी चहा ठेवायला आत गेले आणि गॅस पेटवायचं विसरून तशीच उभी राहिले.

त्याचा मोठा भाऊ म्हणजे आपला वाचक गोपीनाथ. तुला नाव आठवत नसेल, असं मी अनेक वर्षं स्वतःला समजावलं. त्याने गौतमपुऱ्याहून वहीच्या कागदावर एक हिरो पाठवला होता, 'तुर्रा'. एका हातात ढाल, खांद्याला झोळी, झोळीत हिंगोटं, म्हणजे बंदुकीची दारू ठासलेली पोकळ रानफळं. पाडव्याला त्यांच्या गावात दोन दळं एकमेकांवर पेटती हिंगोटं फेकतात, तुर्रा हे त्यातल्या त्यांच्या दळाचं नाव; त्या खेळात गोपीनाथचं बोट गेलं होतं. त्याने हिरोला स्वतःचा हात दिला. आपण ते चित्र नवव्या अंकात त्याच्या नावासकट छापलं. चाळीस प्रती निघाल्या आणि तू म्हणालास, शाई पसरली आहे, अंक जाळून टाकू. आमच्या बंबात तो सगळा गठ्ठा गेला. पंधरा दिवसांनी तू दिल्लीला कॉमिक्सच्या कंपनीत गेलास. दीड वर्षाने लायब्ररीत ज्वालाधरचं पहिलं कॉमिक आलं. बोट नसलेल्या हातासकट, आणि पहिल्या पानावर तुझं नाव.

मी गप्प राहिले. कारण तू परत येशील असं मला वाटत होतं. आता या वयात हे सांगायला लाज कसली! गोपीनाथची तीन पत्रं आली. पहिली दोन मी तुला दिल्लीला पाठवली, तुझं उत्तर आलं की दुर्लक्ष कर. तिसऱ्यात त्याने लिहिलं होतं, "पैसा नहीं चाहिए. एक बार पत्रों वाले पन्ने पर मेरा नाम छाप दीजिए." तोवर 'मुखवटा' बंद पडला होता. पत्र मी फाइलला लावलं. मग पत्रं येईनाशी झाली, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्यानंतर गोपीनाथने पेन्सिल हातात धरली नाही, असं देवेंद्र सांगतो. गेल्या चैत्रात गोपीनाथ वारला.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. बंबात गेल्या त्या प्रती एकोणचाळीस होत्या. आपली रीत काय होती? ज्याचं चित्र छापलं त्याला पहिली प्रत, शाई वाळली की लगेच पोस्टात. मी ती सकाळीच टाकून आले होते. तू 'जाळू' म्हणालास तेव्हा ती पेटीत पडून तीन तास झाले होते. तू काही विचारलं नाहीस आणि मीही बोलले नाही. देवेंद्रने ती प्लास्टिकच्या पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवली. पाकिटावर तिकीट आहे, तारखेचा शिक्का आहे, माझं अक्षर आहे. सोबत पाचवा अंकही होता. तुझा लेख त्याने सावकाश, शब्दाशब्दावर बोट ठेवून, मला मोठ्याने वाचून दाखवला.

तो तीनदा आला. एकदाही आवाज चढवला नाही, त्याचीच मला भीती वाटते. वकील कर म्हटलं, तर नको म्हणाला. पैशाचं विचारलं, तर माझ्याकडे असा बघत राहिला की मीच मान खाली घातली. तो जायला निघाला तेव्हा मी विचारलं की यंदा हिंगोटाच्या खेळात उतरणार ना. वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्याने एकही पाडवा चुकवलेला नाही. म्हणाला, "इस बार गाँव में नहीं खेलूँगा, दीदी." टेबलावर एक हिंगोट ठेवून गेला. भरलेलं आहे की पोकळ, मला कळत नाही. मी ते पाण्याच्या बादलीत बुडवून मागच्या अंगणात ठेवलंय आणि तिकडे जायचं टाळते.

पाडव्याला पुण्यात तुझ्या सिनेमाचा सोहळा आहे, हे पेपरात आलंय. देवेंद्रने तिकीट काढलंय, सकाळीच पोचेल. नवव्या अंकावर मी काल सही केली, संपादक म्हणून, आजवर झालं ते सगळं मागच्या कोऱ्या पानावर लिहून, आणि अंक त्याला परत दिला. तेव्हा आता ते नाकारता येणार नाही, तुलाही आणि मलाही. संध्याकाळी व्यासपीठावर जाण्याआधी गोपीनाथचं नाव तू स्वतः घे. देवेंद्र तुझ्या दारात असेल तेव्हा तर पहिला शब्द तेच नाव असू दे. त्याच्या झोळीत अंकाशिवाय आणखी काय असेल, हे मी विचारलं नाही. विचारायचं धैर्य झालं नाही. आणि हृषी, तू कुठे राहतोस हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने मला विचारलं. आपण वाचकाला वाचकाचा पत्ता कधी नाकारला नव्हता. मी लिहून दिला, पूर्ण, पिनकोडसकट.

तुझीच, आणि 'मुखवटा'ची अजूनही संपादक,
अंबिका