गरम बॉनेट

शनिवार, १४ मे २०१६

पायांचे तुकडे पडलेत. आज तुआसला पाचवी जुनी मोटरहोम पाहिली, डिझेलची. हातातल्या रोख रकमेत बसणारी ही एकच. पण बॉनेटला हात लावला, तर गरम! आम्ही पोचायच्या आधीच मालकाने इंजिन चालवून ठेवलेलं. थंड असताना सुरू होत नसणार, दुसरं काय? तरी मी गप्प. नीलिमा आत बसून पडद्यांचं माप घेत होती. रिटायर झाल्यावर दोघांनी मलेशियाभर फिरायचं, ही तिची हौस. ती कशी मोडायची?

परतताना बसमध्ये शेवटी सांगितलंच, बॉनेट गरम होतं म्हणून.

"माहितीये," ती म्हणाली. "मीही हात लावला होता. पण फिरायची हौस तुझी ना, म्हणून गप्प बसले."