अध्यक्षांच्या तळहातातलं पान

बॅलराट, रविवार

ती. आईस, लिंडसेचा नमस्कार.

मी बरा आहे, झोप तेवढी कमी झाली आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

काल आमच्या जादूगार मंडळात रोवेना पाइक आल्या होत्या. टेबलाशी बसून पत्त्यांची जादू करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी यावं म्हणून मी तीन वर्षं पत्रं लिहिली. आणि काय झालं? त्यांनी आमच्या अध्यक्षांना, क्लॅरीला, एक पान बघून परत गड्डीत ठेवायला सांगितलं, तर या गृहस्थाने ते तळहातात लपवलं!

“क्लॅरी, पान टाक!” मी ओरडलो.

“अरे, सवयीने हात वळला!”

बाई पत्ते आवरू लागल्या. “जादू न येणारं कुणी आहे का हो इथे?”

मी चहा करणाऱ्या ग्लेनिसला ओढून आणलं. तिने निवडलेलं पान तिच्याच ॲप्रनच्या खिशातून निघालं. “अगं बाई!” ती किंचाळली, आणि बाई पहिल्यांदा हसल्या.

आम्ही बावीस जण मात्र पान खिशात कधी गेलं यावरून भांडत होतो. समोरचं नवल नुसतं बघावं, एवढंही आम्हाला जमत नाही. आज चर्चमध्ये मी देवाकडे त्याचीच क्षमा मागितली. क्लॅरीला मात्र अजून केलेली नाही.

प्रकृतीला जप.

तुझा,
लिंडसे