न सोडलेल्या घरात परत येण्याबाबत

प्रति,
मा. ग्राहक तक्रार अधिकारी,
थॉर्नबेक वीज व गॅस पुरवठा कंपनी,
लीड्स.

विषय : दराच्या करारासोबत झालेले आमचे स्थलांतर रद्द करून राहत्या घराची वीज न तोडण्याबाबत.

संदर्भ : 'रहिवासी' या नावाने आलेली आपली पुरवठा तोडण्याची नोटीस.

महोदया,

मी, एनिड बारॅक्लो, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पती वॉल्टर यांच्यासह स्किप्टन येथील खालील पत्त्यावर लग्नापासून राहते. वॉल्टर यांची फुफ्फुसे निकामी होत आली असून ते दिवसरात्र प्राणवायूच्या यंत्रावर असतात. यंत्र विजेवर चालते. पुढच्या शुक्रवारी आपला माणूस हे 'रिकामे' घर बंद करायला येणार आहे, म्हणून हा अर्ज.

१. ऑक्टोबरात आमचा जुना करार संपला. पुढे दोन मार्ग होते : वर्षभराचा स्थिर दर, पण मध्येच सोडल्यास दंड, किंवा महाग, सतत बदलणारा, पण बंधन नसलेला दर. वॉल्टर यांना जिना चढवत नसल्याने आम्ही घर विकायला काढले होते आणि इल्कलीला एक बैठा बंगला ठरवला होता. म्हणून मी फोनवर एवढेच विचारले की, स्थिर दर घेतला आणि घर बदलले तर काय होईल. आपल्या शॅननबाई म्हणाल्या, "काळजीच नको, मावशी. करार तुमच्याबरोबर नव्या घरी येतो. कधी निघताय?"

२. आपल्या देशात घरांचे व्यवहार साखळीने होतात. आमचे घर घेणाऱ्यांचे घर आधी विकले जायचे, बंगल्याच्या मालकीणबाईंना त्यांचे नवे घर मिळायचे. एकाचे अडले की सगळ्यांचे अडते. तारीख कोणालाच माहीत नसते. पण कोणी आपुलकीने विचारल्यावर तोंडावर 'माहीत नाही' म्हणणे बरे दिसत नाही. म्हणून सगळेच म्हणतात तसे मी म्हणाले, "ख्रिसमसच्या आत होऊन जाईल, असं धरू या." मी स्थिर दर घेतला, आणि शॅननबाईंनी तसे धरले.

३. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी आपल्या संगणकाने आम्हाला हलवले. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. बंगल्याच्या मालकीणबाई, श्रीमती थ्रेलफॉल, यांचा फोन आला, "एनिड, तुमच्या नावाचं स्वागताचं पत्र आलंय हो माझ्याकडे. मी निघू, की चहा टाकू?" वॉल्टर म्हणाले, "आपण गेलो वाटतं. मला कोणी उचलल्याचं काही आठवत नाही."

तेव्हापासून आमच्या स्वस्त दराने श्रीमती थ्रेलफॉल यांचे घर तापते. आमच्या घरात, आपल्या नोंदीनुसार, 'रहिवासी' नावाची कोणी व्यक्ती महागड्या दराने राहते. तिला आलेल्या पत्रांना मी उत्तरे देते. त्यावर कळवले जाते की या घराची माहिती फक्त रहिवाशालाच देता येते. आता रहिवासी उत्तर देत नाही, म्हणजे घर रिकामे आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला आहे. उपलब्ध पुराव्यावरून तो तर्कशुद्ध आहे, हे मी मान्य करते.

४. जानेवारीत आमच्या रस्त्याची वीज गेली. यंत्रावरचे रुग्ण असलेल्या घरांच्या आपल्या यादीत वॉल्टर आहेत, परंतु तेही आता बंगल्याच्या पत्त्यावर आहेत. त्यामुळे आपल्या माणसाने श्रीमती थ्रेलफॉल यांना फोन करून "यंत्र व्यवस्थित आहे ना?" असे विचारले. त्या कपडे धुण्याच्या यंत्राबद्दल समजून "एकदम झकास" म्हणाल्या. आम्ही प्राणवायूच्या जवळच्या लहान सिलिंडरवर वेळ काढला. दिवे आले तेव्हा त्याचा काटा लाल पट्ट्यात होता. यापुढील वर्णन मी टाळते.

५. मागच्या आठवड्यात साखळी तुटली. आमचे घर घेणारे मागे फिरले. आता आम्ही कुठेच जाणार नाही. हे कळवल्यावर शॅननबाई म्हणाल्या, "इथं परत यायचं तर आधी तिथून निघावं लागेल ना, मावशी." म्हणून श्रीमती थ्रेलफॉल यांनी बंगल्यातल्या मीटरच्या कपाटात गुडघे टेकून आमच्या वतीने शेवटचा आकडा दिला. करार मोडल्याचा दंडही मी भरला. त्यानंतर या घरात राहायला येण्याची तारीख विचारली गेली. मी लग्नाची तारीख दिली. ती संगणकाने घेतली नाही. तारीख पुढचीच हवी.

शेवटी शॅननबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "असं करा, एकदा दोघं बाहेर पडा नि परत आत या. ती तारीख मी टाकते. पण खरंच करा हं, बोलणं रेकॉर्ड होतंय."

६. दर कोणता लावावा, हे मी आता पूर्णपणे आपल्यावर सोडते. नोटिशीतल्या तारखेच्या आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारी दुपारी, आम्ही या घरात राहायला येत आहोत. खात्रीसाठी आपला माणूस पाठवावा. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येईन. वॉल्टर यांच्या यंत्राची नळी मात्र उंबरठ्यापर्यंतच पोचते, आणि लहान सिलिंडर अजून भरून मिळालेला नाही. उंबरठ्यावर उभे राहणे हे आपल्या नियमात घराबाहेर पडणे धरले जाते किंवा कसे, ते कृपया बुधवारपर्यंत कळवावे.

अजून इथेच राहणारी,
एनिड बारॅक्लो
११, टॅनरी रो, स्किप्टन
१२ फेब्रुवारी २०२५

सोबत : डॉक्टरांचे पत्र, आजचे वर्तमानपत्र हातात धरून घराच्या दारात काढलेला आम्हा दोघांचा फोटो (नळी दिसते आहे).