त्यो आज आलेला न्हाय

आप्पा, काल संध्याकाळी आमच्या घरात टीव्ही चालू होता. कुठल्याशा मालिकेत एक गडी होता, डोक्याला मुंडासं, तोंडात सारखं ‘लई’ आणि ‘व्हय जी’. तो दारातून आत आला की माझी नातवंडं लोळून हसत होती. धाकटा मला म्हणाला, “आजी, बघ ना, कसला बोलतोय!” मी उठून आत गेले. काही काम नव्हतं. चहाचं आधण ठेवलं, गॅस बंद केला, पुन्हा लावला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझेही केस पांढरे झाले, तरी असं काही कानावर पडलं की मला एका जागी बसवत नाही. म्हणून आज लिहायला बसले. लिहून तरी बूड टेकेल म्हणून.

तुम्ही बेळगाव-कोल्हापूर सर्व्हिस मोटार चालवत होता. घर बेळगुंदीला, आणि मी शाळेसाठी बेळगावात, खासबागेत आत्याकडे. एकदा कोल्हापूरच्या कुठल्या स्टुडिओतली मंडळी तुमच्या गाडीत बसली. तवंदीच्या घाटात गाडी तापली, तुम्ही बॉनेट उघडून उभे राहिलात, आणि एक व्यापारी तुमच्यावर ओरडायला लागला. तुम्ही त्याला शांतपणे म्हणालात, “मालक, गाडी बी जिवंत हाय. दम खाऊंद्या की तिला.” ते ऐकून त्या मंडळींतला दिग्दर्शक खाली उतरला आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहिला. बोलपट नुकते कुठे बोलायला लागले होते. त्याला एक शेतकरी बाप हवा होता, एका प्रसंगापुरता. वऱ्हाड मांडवातून परत जातं आणि बाप दारात उभा राहून म्हणतो, “माझी पोर मला जड न्हाय. तुमी जावा.” बस्स, एवढंच वाक्य. तुम्ही ते कसं म्हणालात ते आईला करून दाखवत होता, तेव्हा आई चुलीपुढं बसल्या बसल्या डोळ्याला पदर लावायची. म्हणायची, “खरंच कुनी तरी परत गेल्यावानी बोलताय वो.”

बेळगावात तो बोलपट लागला तेव्हा आपण बैलगाडी जोडून गेलो. मला तो तिसरा प्रहर अजून दिसतो. पुढं जमिनीवर गावाकडची माणसं बसलीत, मागं खुर्च्या आहेत, आणि आपण मधल्या बाकांवर. पडद्यावर तुम्ही येता. तुमचाच सदरा, तुमच्याच मिशा. तुम्ही म्हणता, “माझी पोर मला जड न्हाय,” आणि मागच्या खुर्च्यांतून हशा येतो. पुढची माणसं गप्प आहेत, एक म्हातारी तर नाक ओढतेय. पण मागचा हशा थांबत नाही, कुणी तरी मोठ्यानं ‘न्हाय, न्हाय’ म्हणतं, आणि मग हळूहळू पुढचेही हसायला लागतात. आपण चुकीच्या ठिकाणी गप्प बसलो असं त्यांना वाटलं असणार. तुम्ही मान वळवून मागं बघितलंत. राग नव्हता तुमच्या तोंडावर. गाडीचा कुठला भाग वाजतोय ते ऐकताना तुम्ही जसे कान द्यायचात, तसे तुम्ही बघत होता.

पुण्यात म्हणे त्याहून मोठा हशा झाला. म्हणून स्टुडिओतून तुम्हाला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मोठं काम होतं, शहरातल्या वकिलाच्या घरचा गावंढळ गडी. संवाद पुण्याच्या एका गृहस्थांनी लिहिले होते, वाक्यावाक्याला ‘लई ब्येस’ आणि ‘व्हय जी’. तुम्ही त्यांना विचारलंत, “सायेब, असं कोन बोलतंय वो? आमच्याकडं तर न्हाय बोलत.” ते म्हणाले, “तुमच्याकडचं कुणाला हवंय? मला खेड्याकडचं हवंय.” हे तुम्ही घरी येऊन हसत हसत सांगितलंत. आई हसली नाही. ती म्हणाली, “मग आपन ऱ्हातो ते काय हाय म्हनायचं?”

तो दुसरा बोलपट मी बघितला नाही. बघायची गरजच पडली नाही. आमच्या वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत त्यातली वाक्यं म्हणायच्या, पदराचं मुंडासं करून, पाय फेंगडे टाकून. चांगल्या घरच्या, प्रेमळ मुली होत्या, मला आपला डबा द्यायच्या. मी कुणाची मुलगी हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडात तोवर ‘गेलतो’चं ‘गेले होते’ झालेलं होतं, ‘पानी’चं ‘पाणी’ झालेलं होतं. शाळेत बोलायचं एक आणि शनिवारी बेळगुंदीच्या वाटेला लागलं की बोलायचं दुसरं. मच्छे गावाच्या बाजूनं यायची एक मैत्रीण होती, तिचंही तसंच. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

आणि मग त्या सुट्टीत तुम्ही मला म्हणालात, “पोरी, मला तुझ्यावानी बोलाय शिकीव.” मला वाटलं चेष्टा करताय. तुम्ही पाटावर बसून होता, हातातला घास तसाच. म्हणालात, “पुढच्या बोलपटात हेडमास्तराचं काम हाय. त्येला कोन हसनार न्हाय.” मग रोज सकाळी, आई भाकरी थापतेय, आणि मी तुम्हाला शिकवतेय. नाही म्हणा. होय म्हणा. मी गेलो होतो म्हणा. तुम्ही ‘पाणी’ म्हणायला जीभ वळवायचात आणि ‘ण’ इतका जोरात यायचा की आईच्या हातातली भाकरी मोडायची. ती म्हणायची, “घरात पावना कोन आलाय गं? मला लाज वाटालीया ह्येंच्याम्होरं बसाय.” पण तुम्ही सोडलं नाही. गाडीतसुद्धा चालवलंत. निपाणी आली की उतारूंना सांगायचात, “निपाणी आली. आपापले सामान घेऊन सावकाश उतरावे.” तंबाखूच्या वखारीत कामाला जाणारी एक बाई तुम्हाला म्हणाली होती, “डायवर, बरं न्हाय व्हय वो तुमास्नी? ताप भरलाय काय?” हे सांगताना तुम्ही आणि आई इतके हसलात की शेजारची माणसं बघायला आली.

कोल्हापूरला तुम्ही मला बरोबर नेलंत. म्हणालात, चुकलो तर सांगायला कुणी तरी हवं. धुतलेलं धोतर, काळा कोट, नवी टोपी. दिग्दर्शकानं आपल्याला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. वाईट माणूस नव्हता तो, आप्पा. मला तर तो आवडला. तुम्ही हेडमास्तराचं भाषण उभं राहून म्हणून दाखवलंत, शेवटपर्यंत, एकही अक्षर न चुकता. तो ऐकून घेऊन म्हणाला, “छान. अगदी शुद्ध. पण असं बोलणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत हो. तसं बोलणारे तुम्ही एकटे.”

“तसं बी मी बोलत न्हाय,” तुम्ही म्हणालात. इतके दिवस घोटलेलं सगळं एका क्षणात गेलं, की मुद्दाम सोडलंत, मला कळलं नाही.

तो हसला. म्हणाला, “तेच तर! तुमच्यासाठी गड्याचं नवीन काम लिहून घेतो. याच्याहून मोठं. सबंध बोलपटभर.” तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग कप बशीत ठेवलात आणि म्हणालात, “नको.” परत येताना दुसऱ्याची गाडी होती, तुम्ही उतारू म्हणून बसला होता. घाट लागेपर्यंत तुम्ही ड्रायव्हरच्या हातांकडेच बघत होता. घाटात त्या पोरसवदा ड्रायव्हरनं गिअर टाकायला उशीर केला तेव्हा तुम्ही एकदम पुढं वाकून ओरडलात, “आरं टाक की रं, मारतोस काय आमास्नी!” आणि मला हायसं वाटलं.

माझं लग्न बेळगावातल्या जुन्या घराण्यात ठरलं. सासरे कचेरीत, घरात वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची रीत. लग्नात तुम्ही सकाळपासून शुद्ध बोलत होता, व्याह्यांशी, भटजींशी, आचाऱ्याशीसुद्धा. तसं बोला असं मला कुणी सुचवलं नव्हतं, मीही तुम्हाला सांगितलं नव्हतं. पंगत बसली, आणि पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं तुम्हाला ओळखलं. भर पंगतीत ओरडला, “अहो, हे तर ते! म्हणा ना ते वाक्य, लई ब्येस! एकदाच!” सगळे वळून बघायला लागले. माझ्या सासऱ्यांचा घास हातातच. मला अंगावरची हळद जड झाल्यासारखी वाटली. तुम्ही तुपाची वाढणी हातात घेऊन उभे होता. तुम्ही त्या पाहुण्याच्या पानावर तूप वाढलंत आणि आपल्या रोजच्या आवाजात, रोजच्या बोलीत म्हणालात, “त्यो आज आलेला न्हाय, पावनं. आज मी आलोय. पोरीचं लगीन हाय.”

कुणी हसलं नाही. सासऱ्यांनी पान सरकवलं आणि म्हणाले, “व्याही, इकडे वाढा.” त्यानंतर दिवसभर तुम्ही आपल्यासारखंच बोललात. त्या घरात मला पुढं कधीच कुणी माझ्या माहेरच्या बोलण्यावरून टोकलं नाही, ते त्या एका वाक्यामुळं, असं मी आजवर समजत आले.

स्वातंत्र्य यायच्या आदल्या वर्षी तुम्ही तापानं गेलात. त्यानंतरच्या उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर मी निपाणीकडे एका जत्रेला गेले होते. तिथं तंबूत जुने बोलपट दाखवत होते, आणि पाटीवर तोच, मी न बघितलेला. नवरा म्हणाला, “नको असेल तर नको.” मी आत गेले. तुमचा आवाज ऐकायचा होता, दुसरं काही नाही. मनाची तयारी करून बसले, दात आवळून. वकील तुम्हाला त्याची जड पेटी माडीवर न्यायला सांगतो. तुम्ही पेटीकडे बघता. मग वकिलाच्या पोटाकडे बघता. मग पुन्हा पेटीकडे. गाडीत एखादी बाई मिसरूड फुटलेल्या पोराला ‘लहान हाय वो’ म्हणून अर्ध्या तिकिटात बसवायची, तेव्हा तुम्ही त्या पोराकडे जसे बघायचात, अगदी तसे. ते त्या पुण्याच्या गृहस्थांनी लिहिलेलं नव्हतं. ते तुमचं होतं. आणि मग सावकाश, “व्हय जी.”

आप्पा, मी हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तंबूतले सगळे हसत होते आणि त्यांत मी होते. तुम्ही फार चांगले होता. माझ्या ध्यानीमनी नव्हतं ते. तेव्हापासून मला हे सुटत नाही. तुम्हाला त्यात मजा वाटत होती का? त्या लिहिलेल्या खोट्या वाक्यांच्या मधल्या फटीत तुम्ही आपलं काही ठेवत होता, ते ठेवायला तुम्हाला आणखी जागा हवी होती का? मग कोल्हापूरला कप खाली ठेवून ‘नको’ म्हणालात, ते कुणासाठी? तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हा माझ्या तोंडावर काय होतं, ते मला कितीही आठवून आठवत नाही. विचारायला तुम्ही नाही. आई होती तेव्हा तिला विचारलं, तर म्हणाली, “त्येंच्या मनातलं त्येंच्यासंगं गेलं बघ.”

हा कागद मी कुठं धाडणार आहे? घडी करून साड्यांच्या खाली ठेवीन, किंवा नाही ठेवणार. पण एक सांगते. जत्रेहून मुक्कामाच्या घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, “कसा होता?” मी म्हणाले, “बरा होता.” दुसऱ्या दिवशी देवीला ओटी भरायची राहिली म्हणून सांगून मी बाहेर पडले, आणि पुन्हा तंबूत जाऊन बसले. एकटी. ओटी भरली नाही.