एक होता शनिवार

बाबा, तुम्हाला पत्र लिहायचं म्हटलं की आजही हात आखडतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एखादं विशेषण जास्तीचं पडलं की तुमची लाल पेन्सिल कागदावर उतरेल असं वाटतं. विमा कचेरीतली ती दुपार आठवते का? मला सुट्टी होती, आई मामाकडे गेली होती, म्हणून तुम्ही मला बरोबर नेलं होतंत. उंच खिडक्या, पंख्याखाली फडफडणारे कागद, आणि तुम्ही कुणाच्या तरी पत्राच्या मसुद्यातून शब्द उचलून बाहेर ठेवताय. ‘अत्यंत’ गेलं, ‘मनःपूर्वक’ गेलं. मी विचारलं, “हे शब्द जातात कुठे?” मान वर न करता तुम्ही म्हणालात, “आले तिथे.” मला ते अगदी खरं वाटलं. कोथरूडला परत येताना बसच्या खिडकीतून मी ती जागा शोधत होते, जिथे खोडलेले सगळे शब्द सावलीला बसलेले असतील.

माझ्या बोलण्यात असल्या जागा फार. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी आईला सांगायचे, की आज सोसायटीच्या टाकीत एक ढग उतरला, वॉचमनकाकांनी त्याला काठीनं हुसकलं, आणि जाताना तो माझं दप्तर ओलं करून गेला. आई पोळी लाटता लाटता विचारायची, “मग? काका भिजले?” आणि तुम्ही वर्तमानपत्राची घडी घालत म्हणायचात, “झालं? आता काय घडलं ते सांग.” रागानं नव्हे. पण तेवढ्यानं ढग विरून जायचा आणि मागं नुसतं ओलं दप्तर उरायचं. मला वाटायचं, बाबांच्या डोक्यात सगळ्या वस्तू नावाच्या चिठ्ठ्या लावून रचून ठेवल्या आहेत. तिथं इकडची काडी तिकडे होत नाही.

पुढं तुम्ही निवृत्त झालात, मी हिंजवडीत आयटीतल्या नोकरीला लागले, आणि एका सकाळी त्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. पक्षाघाताचा झटका सौम्य होता. हातपाय वाचले, डॉक्टर म्हणाले, शब्दांना वेळ लागेल. दवाखान्यातून घरी आलात आणि आईला अगदी ठणठणीत आवाजात म्हणालात, “मला शनिवार दे.”

“अहो, आज मंगळवार,” आई म्हणाली.

“शनिवार!” तुम्ही चिडलात. “गरम!”

तेव्हा कुठं कळलं, चहा. चमच्याची टेकडी झाली होती, गोळीचा पोस्टमन. कर्वेनगरहून एक बाई यायच्या, वाचा परत यावी म्हणून चित्रांचे पत्ते तुमच्यासमोर धरायच्या. तुम्ही कपाच्या चित्राकडे बघायचात, ओठ जुळवायचात, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द दुरुस्त केलेल्या माणसाला स्वतःचा चुकलेला शब्द ऐकू यायचा. तुमचा चेहरा मला बघवायचा नाही. मग एके दिवशी समोरच्या फ्लॅटमधले काका भेटायला आले. तुम्ही उत्साहानं काहीतरी सांगायला गेलात आणि ते हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या दिवसापासून तुम्ही बोलणंच टाकलंत. काही हवं असलं तर बोट दाखवायचात. हळूहळू तेही बंद झालं. आई फोनवर मला म्हणाली, “दोघं असतो गं घरात, पण घर रिकामं वाटतं.”

मी रजा टाकली. त्या संध्याकाळी आपण गॅलरीत बसलो आहोत. आई भाजी आणायला गेली आहे. खाली मुलं सायकली फिरवताहेत, ऊन भिंतीवरून वर वर सरकतंय, आणि तुम्ही कुठेतरी लांब बघताय. मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हणते, “एक होता शनिवार.”

तुम्ही झटकन मान वळवता. मुलगी थट्टा करतेय, असं तुम्हाला वाटतंय; डोळ्यांत ते दिसतंय. पण आता मागं फिरता येत नाही. “गोष्ट आहे बाबा,” मी म्हणते. “गोष्टीत शब्द चुकत नसतो. त्याचं घर होतं... कुठे बरं होतं?”

खालची सायकलची घंटी वाजून थांबते. मग तुम्ही, कितीतरी दिवसांनी, घसा खाकरता. “टेकडी.”

“टेकडीवर?”

“आत.” तुम्ही हातानं पोकळी दाखवता. “टेकडीच्या... आत. दार ओलं.”

दार ओलं! बाबा, माझ्या अंगावर काटा आला. मी विचारत गेले, तुम्ही एकेक शब्द चाचपत ठेवत गेलात. शनिवार सकाळी ओल्या दारातून बाहेर यायचा, छत्री घ्यायचा, पोस्टात जायचा. तिथं विचारायचा, मला कुणाचं पत्र? नाही. सगळी पत्रं रविवारची. तुम्ही टेकडी म्हणताना चमचा तर म्हणत नव्हतात ना, अशी शंका मला मध्येच आली. पण तुम्ही माझ्याकडे बघत होतात, पुढचा प्रश्न कधी येतो म्हणून. तेवढ्यात आई आली. मेथीची जुडी घेऊन उंबऱ्यापाशीच बसली, पानं खुडता खुडता ऐकत राहिली, आणि न राहवून म्हणाली, “मग त्यानं बुधवारला का नाही विचारलं?” तुम्ही तिच्याकडे पाहिलंत आणि हसलात. तोंड थोडं वाकडं होतं. मी तुम्हाला इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

रोज संध्याकाळी गोष्ट पुढं सरकायची. बुधवार कंजूष निघाला. सोमवारला कुणी घरात घेईना. आणि बोलता बोलता खरे शब्द परत यायला लागले, आधी चमचा, मग गोळी. एका सकाळी तुम्ही “चहा” म्हणालात. स्वच्छ. आईनं कप ठेवला, “आला बाई एकदाचा चहा,” म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत गॅसकडे वळली. आनंदच होता तो, पण थोडं काहीतरी हरवलंही होतं. तुम्ही पुन्हा पहिल्यासारखे झालात, मोजकं बोलणारे. गोष्ट तिथंच राहिली.

मग त्या दिवाळीआधी, तुम्ही जाण्याच्या थोडंच आधी, आपण कोपऱ्यावरच्या दुकानात बल्ब आणायला निघालो होतो. मी भीत भीत विचारलं, “बाबा, त्या शनिवारचं पुढं काय झालं?”

“कुठला शनिवार?” तुम्ही म्हणालात, तोच कचेरीतला आवाज. बरंच चाललो. मग समोर बघत, एकही शब्द न अडखळता, तुम्ही म्हणालात, “त्याला हिंजवडीत नोकरी लागली. आता त्याला स्वतःचीच सुट्टी असते. त्यामुळे तो कुणाला भेटत नाही, दिवसभर झोपतो.” आणि दुकानदाराला म्हणालात, “नऊ वॉटचा द्या.”

मी रस्त्यात उभी राहून हसत होते. या वेळी कुठला शब्द चुकला नव्हता. तुम्ही तो शनिवार मुद्दाम रचला होतात, माझ्यासाठी.

आत्ता आईनं आतून विचारलं, “काय लिहितेस एवढं?” मी म्हणाले, “ऑफिसचं.” तिला हे वाचून दाखवता आलं असतं, पण दाखवणार नाही. बल्ब आणायला जाताना तुम्ही काय सांगितलंत, ते मी आजवर तिलासुद्धा सांगितलेलं नाही. एवढं एक माझ्या एकटीपाशी ठेवायचं आहे.